जाळलेला वायू, मोजलेला वायू

१९९१ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईच्या विमानतळावरून इंग्लंडला रवाना झाले. परकीय चलन तळाला गेले होते आणि ते तळाला जाण्यात आखाती युद्धाने महागलेल्या तेलाचा मोठा हात होता. ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेजारी मांडावा असा दुसरा आकडा मात्र फारसा कोणाच्या तोंडी नसतो. १९९०-९१ या एका वर्षात देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू जमिनीतून आणि समुद्रातून बाहेर आला. त्यातला सुमारे ५ अब्ज घनमीटर जागच्या जागी पेटवून देण्यात आला. वायूने जळायचे तेवढे जळून घेतले, त्यावर कोणाचा भात शिजला नाही की कोणाचा दिवा लागला नाही. या जळणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा मुंबई हायचा होता, म्हणजे समुद्रातल्या ज्या तेलक्षेत्राच्या नळ्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरणला येऊन टेकतात त्या क्षेत्राचा.

ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशनने, म्हणजे ओएनजीसीने, २०३८ पर्यंत आपले स्वतःचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे जाहीर केले आहे. अशा घोषणा वाचताना माणूस एकतर टाळ्या वाजवतो नाहीतर नाक मुरडतो. दोन्ही करण्याआधी या संस्थेची रायगडातली पन्नास वर्षे एकदा चाळून पाहावीत. वायू जाळणे या संस्थेने एकदा आटोक्यात आणून दाखवले आहे. ते का जमले आणि कशामुळे जमले, यातच पुढच्या वचनाची किंमत ठरते.

ओएनजीसीची स्थापना १४ ऑगस्ट १९५६ ची. तेव्हा ती कंपनी नव्हती, आयोग होता, मुख्यालय डेहराडूनला. भारतात तेल नाही असे परदेशी कंपन्या सांगत असताना तेव्हाचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी रशियन तज्ज्ञ आणले आणि शोध सुरू ठेवला. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला सर्वेक्षण केले, त्यात मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली मोठा उंचवटा असल्याचे दिसले. खोदायला मात्र १९७४ उजाडले. जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ ही रिग किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर जाऊन उभी राहिली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले; हेच मुंबई हाय. काही महिन्यांपूर्वीच अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केले होते, त्यामुळे देशभर पेढे वाटावेत अशी ती बातमी होती. उत्पादन २१ मे १९७६ ला सुरू झाले.

सुरुवातीला तेल समुद्रातच टँकरमध्ये भरून नेत. आणि वायू? तेलाच्या पोटात वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण काढले की जसा फेस उसळतो, तसा विहिरीतून वर येताना दाब कमी झाला की हा वायू तेलातून सुटतो. तेल काढायचे तर तो निघणारच; नको म्हणण्याची सोय नाही. तेल टँकरमध्ये भरता येते, वायूला मात्र नळी लागते, दाब देणारे कॉम्प्रेसर लागतात आणि पलीकडच्या टोकाला घेणारा कोणीतरी लागतो. १९७६ मध्ये यातले काहीच नव्हते. म्हणून प्लॅटफॉर्मच्या लांब दांडीच्या टोकाला वायू पेटवून दिला जाई. त्याच सुमारास उत्तर समुद्रात तेल काढणाऱ्या नॉर्वेने नियम केला होता, की सुरक्षेपुरता सोडून वायू जाळायचा असेल तर सरकारची परवानगी घ्या. आपल्याकडे परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता. तेल हवे होते आणि ताबडतोब हवे होते.

१९७८ मध्ये समुद्रतळावरून दोन नळ्या उरणला आल्या, एक तेलाची आणि एक वायूची. लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास. उरण त्या काळी मिठागरांचे, भातखाचरांचे आणि मासळीचे गाव. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरायचे, नाहीतर अलिबागकडून रेवसला येऊन करंजाला खाडी ओलांडायची. द्रोणागिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी, नागावच्या पीरवाडी किनाऱ्याला लागून ओएनजीसीचा प्रकल्प उभा राहिला. त्यात काय होते हे थोडक्यात सांगायचे तर समुद्रातून आलेले तेल स्थिर केले जाते, म्हणजे त्यात राहिलेला वायू काढून ते साठवण्याजोगे होते, आणि मग नळीने तुर्भ्याच्या रिफायनऱ्यांकडे जाते. वायूतून हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात, याला तिथले लोक वायू ‘गोडा करणे’ म्हणतात. मग त्यातून घरगुती सिलिंडरचा एलपीजी, इथेन, प्रोपेन, नॅफ्था वेगळे होतात आणि उरलेला हलका वायू पुढे कारखान्यांना जातो. गोडा करताना काढलेला कार्बन डायऑक्साइड कुठे जातो, हे तेव्हा कोणी विचारत नसे. तो आकाशात जात असे.

उरण तालुक्यात ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. ओएनजीसी, सिडको, न्हावा-शेवा बंदर. जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र त्यातून आले. ओएनजीसी या भांडणात थेट नव्हती, पण हवा तीच होती. मुलगा ओएनजीसीत कायम आहे, एवढ्यावर उरणमध्ये लग्ने जमत. आणि जो कायम झाला नाही तो ठेकेदाराकडे लागून आयुष्यभर वाट पाहत राही. जमीन गेलेल्यांचा हिशेब आजही अनेक घरांत उघडाच आहे. कार्बनच्या हिशेबात तो येत नाही, म्हणून इथे निदान नोंदवून ठेवतो.

वायू उरणला आला, तेव्हा तो घेणारा शोधणे भाग पडले, आणि ऐंशीच्या दशकात रायगड जिल्ह्याचा नकाशाच वायूच्या नळीभोवती नव्याने काढला गेला. वीज मंडळाने उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारले. वाढत वाढत त्याची क्षमता ६७२ मेगावॅटपर्यंत गेली. अलिबागजवळ थळ-वायशेतला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरिया कारखाना आला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने त्याच्या जागेला कडाडून विरोध केला होता. मुंबईजवळच्या किनाऱ्यावर रासायनिक उद्योगांची आणखी गर्दी नको, असे त्यांचे म्हणणे. कारखाना तिथेच झाला. नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर प्रकल्प आला, त्याचा कच्चा माल म्हणजे उरणचा इथेन आणि प्रोपेन. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे याच वायूंची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. पुढे उसरला ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीचा एलपीजी प्रकल्प झाला. उरण, थळ, उसर, नागोठणे ही नावे एका ओळीत घेतली की जिल्ह्याच्या उद्योगाची कुंडली होते, आणि तिचा लग्नेश मुंबई हायचा वायू.

थळच्या युरियात कार्बनचा एक गमतीदार फेरा आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया होतो. त्या प्रक्रियेत जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो वाया न घालवता अमोनियाशी जोडून युरिया करतात. कागदावर पाहता हा कार्बन पकडला गेला. पण युरियाची गोणी शेतकऱ्याने भातात किंवा उसात रिकामी केली की मातीत युरियाचे विघटन होते आणि तोच कार्बन डायऑक्साइड काही दिवसांत हवेत जातो. कारखान्याच्या हिशेबातून गेला, शेताच्या हिशेबात आला. या प्रकाराची आठवण पुढे ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

एवढे ग्राहक असताना १९९०-९१ मध्ये इतका वायू जळत का होता? एक तर तेल वेगाने काढले जात होते. कर्नल एस. पी. वाही १९८१ ते १९८९ ओएनजीसीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या काळात उत्पादन झपाट्याने चढले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेचा मोठा भाग देशातच निघत होता, जो आज स्वप्नवत वाटतो. पण जितके तेल तितका वायू. कॉम्प्रेसर वेळेवर बसले नाहीत, ग्राहकांचे कारखाने वेळेवर उभे राहिले नाहीत, आणि वायूचा भाव सरकारने इतका कमी ठेवला होता की तो वाचवण्यात कोणाला घाई नव्हती. लक्ष्य टनांत दिले जाई, तेलाच्या टनांत. वायूच्या ज्वाळेला लक्ष्यपत्रिकेत रकाना नव्हता. पुढे तर अशीही टीका झाली की विहिरी अति पिळल्या, भूगर्भातला दाब लवकर गेला आणि नव्वदच्या दशकात मुंबई हायचे उत्पादन त्यामुळेच घसरले. जाळलेला वायू हा त्याच घाईचा दुसरा चेहरा होता; भूगर्भात राहिला असता तर त्यानेच तेल वर ढकलले असते.

एक साधा गुणाकार करून पाहू. घनमीटरभर वायू जाळला की दोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. ५ अब्ज घनमीटर म्हणजे वर्षाला १ कोटी टन. आज ओएनजीसीचे सारे प्लॅटफॉर्म, सारे प्रकल्प, पंप, टर्बाइन, खरेदी केलेली वीज मिळून जे उत्सर्जन होते ते सुमारे ९० लाख टन. देशात त्या वर्षी नुसत्या वायूच्या ज्वाळांतून जेवढे गेले, त्यापेक्षा आजचा ओएनजीसीचा सगळा संसार हलका आहे. हा बदल कोणत्याही हवामान परिषदेने घडवला नाही. १९९१ मध्ये जागतिक बँकेने वायूचे ज्वलन कमी करण्याच्या प्रकल्पाला कर्ज दिले. समुद्रात नवे कॉम्प्रेसर बसले, नळ्या वाढल्या, गेलने हाजिऱ्याहून उत्तरेकडे टाकलेल्या नळीमुळे ग्राहक वाढले. दशक संपता संपता जाळल्या जाणाऱ्या वायूचे प्रमाण एकेरी टक्क्यांवर आले. क्योटोचा करार १९९७ चा. त्याआधीच यातले बरेचसे झाले होते, कारण ज्वाळेतून पैसा जातो आहे हे दिसू लागले होते. माझ्या मते ओएनजीसीच्या कार्बनच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम हेच, आणि त्याला तेव्हा कोणी कार्बनचे काम म्हटले नव्हते.

या दशकांत समुद्राने संस्थेला पुन्हा पुन्हा हिसका दिला. जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ या रिगवर विहीर उफाळली आणि आग विझवण्यासाठी टेक्सासच्या रेड ॲडेरना बोलवावे लागले. १७ मे १९९३ रोजी मुंबई हायहून उरणला येणारी तेलाची नळी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेले. वाऱ्याने ते मुरूडच्या किनाऱ्यावर आणून टाकले. वाळूवर, खडकांवर, खाजणातल्या कांदळवनाच्या मुळांवर काळा थर बसला. खाजणात कालवे आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायकांचा धंदा अशा वेळी सगळ्यात आधी बुडतो आणि सगळ्यात शेवटी मोजला जातो. २७ जुलै २००५ ला, मुंबई पावसात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक मदत जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूची नळी फुटली, प्लॅटफॉर्म जळून गेला आणि २२ जण मृत अथवा बेपत्ता झाले. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या प्रकल्पातच आग लागली, चौघांचा जीव गेला आणि वायू हाजिऱ्याकडे वळवावा लागला. अपघात हा कार्बनच्या अहवालातला विषय नसतो, पण ज्वाळा आणि नळी यांच्याबाबतचा जो निष्काळजीपणा जीव घेतो, तोच बहुधा गळतीही करतो.

कार्बन हा शब्द कंपनीच्या कारभारात आला तो २००० नंतर, आणि आला तो पैशाच्या रूपाने. क्योटो कराराखाली विकसनशील देशातल्या कंपनीने उत्सर्जन कमी केले तर त्याचे प्रमाणपत्र मिळे आणि ते युरोपातल्या कंपन्यांना विकता येई. ओएनजीसीने यासाठी स्वतंत्र गट केला. नोंदल्या गेलेल्या सुरुवातीच्या प्रकल्पांत उरणचा फ्लेअर वायू परत मिळवण्याचा प्रकल्प होता.

हा प्रकल्प जवळून पाहण्यासारखा आहे. मोठ्या प्रकल्पात शेकडो झडपा असतात. दाब अचानक वाढला तर स्फोट होऊ नये म्हणून वायू एका मोठ्या नळीत सोडतात आणि ती नळी उंच चिमणीला जाते. चिमणीच्या टोकाला ज्योत सतत पेटती असते. ही सुरक्षेची सोय आहे, ती बंद करता येत नाही. पण झडपा कधीच शंभर टक्के घट्ट बसत नाहीत. काही ना काही वायू त्या नळीत झिरपत राहतो आणि रात्रंदिवस चिमणीवर जळत राहतो. उरणच्या प्रकल्पात केले ते एवढेच की चिमणीच्या आधीच कॉम्प्रेसर बसवून हा झिरपलेला वायू ओढून घ्यायचा, दाब द्यायचा आणि पुन्हा प्रक्रियेत सोडायचा. चिमणीवर उरली छोटी ज्योत, अडीअडचणीसाठी. वर्षाला लाखभर टनांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड वाचेल असा अंदाज नोंदवला गेला. त्यात कोणतेही नवे शास्त्र नव्हते. हे आधी का केले नाही, असे विचारले तर उत्तर तेच: आधी त्याला भाव नव्हता. मग भाव आला, आणि २०१२ नंतर ही प्रमाणपत्रे कवडीमोल झाली तेव्हा भाव गेलाही.

त्याच काळात, २००७ मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेबरोबर मिथेनच्या गळतीवर काम करण्याचा करार झाला. मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूचाच मुख्य घटक. तो जळला तर कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता निसटला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. इन्फ्रारेड कॅमेरा लावला की मात्र सांध्यातून, झडपेच्या दांड्याजवळून, टाकीच्या झाकणातून तो धुरासारखा वर जाताना पडद्यावर दिसतो. वर्षानुवर्षे त्याच नळीवर काम केलेल्या माणसालाही तो पहिल्यांदा तिथेच दिसतो. चिमणीवरची ज्वाळा डोळ्यांत भरते म्हणून तिच्यावर टीका होते. पण ज्योत विझलेली किंवा वाऱ्याने लवणारी चिमणी तिच्यापेक्षा वाईट, कारण मग वायू न जळताच निघून जातो.

एवढे होईपर्यंत समुद्र तापत होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. रायगडला हे कळायला शोधनिबंध लागला नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे पोफळीचे झाड धरायला लागायला सात-आठ वर्षे जातात. वाड्या दोन-तीन तासांत गेल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. ओएनजीसीच्या कंत्राटदाराकडची ‘पी-३०५’ ही तराफानौका मुंबई हायच्या परिसरात नांगर तुटून भरकटली आणि १७ मे २०२१ ला बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ हा टग धरून ८६ जण गेले. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावर लागले. वादळाचा इशारा आधी मिळालेला असताना नौका समुद्रात का राहिली, यावर चौकशी झाली, जबाबदाऱ्या ठरवण्याचे प्रयत्न झाले. तेलाच्या धंद्याने तापलेल्या समुद्राने तेलाच्या कामावरची माणसे नेली, असे सरळ म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही; एका वादळाचा दोष एका कंपनीवर टाकता येत नाही. पण संस्थेच्या हवामान-वचनांचा इतिहास लिहिताना ही तारीख वगळणेही शक्य नाही.

सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत देशासाठी २०७० पर्यंत निव्वळ शून्याचे वचन दिले. ओएनजीसीने स्वतःसाठी २०३८ सांगितले. जुलै २०२४ मध्ये तिने आराखडा मांडला: सुमारे २ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक, त्यातले निम्म्याच्या जवळपास २०३० पर्यंत सौर आणि पवनऊर्जा, बायोगॅस, हरित हायड्रोजन, पाणी वर चढवून वीज साठवणारे प्रकल्प यांत, मग पुढची पाच वर्षे मुख्यतः हायड्रोजन, आणि शेवटी समुद्रातल्या पवनचक्क्या. २०३० पर्यंत वायूचे ज्वलन शून्यावर आणायचे आणि १० गिगावॅट नवीकरणीय ऊर्जा मिळवायची. यासाठी ओएनजीसी ग्रीन ही उपकंपनी २०२४ मध्ये स्थापन झाली, आणि २०२५ मध्ये एनटीपीसीबरोबरच्या भागीदारीतून सुमारे ४.१ गिगावॅटची अयाना ही कंपनी विकत घेतली गेली. म्हणजे हे नुसते बोलणे नाही, पैसा खरोखर खर्च झाला आहे.

आता वजाबाकी. २०२१-२२ मध्ये कंपनीने सुमारे ५५४ दशलक्ष घनमीटर वायू जाळला. १९९०-९१ च्या देशाच्या आकड्यापुढे हे काहीच नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये ११ लाख टनांच्या आसपास. हे शून्यावर आणणे अवघड आहे, पण अनोळखी नाही. असे काम संस्थेने आधी केले आहे. उरलेले बहुतेक उत्सर्जन आहे ते कंपनी स्वतःच जाळत असलेल्या इंधनाचे. समुद्रात दीडशे किलोमीटरवरचा प्लॅटफॉर्म आपली वीज आपणच करतो, तिथल्याच वायूवर टर्बाइन चालवून. कॉम्प्रेसर त्याच वायूवर. राजस्थानात सौर प्रकल्प विकत घेतला म्हणून मुंबई हायवरचे टर्बाइन बंद पडत नाही. वहीत एका पानावरचे जमा दुसऱ्या पानावरच्या खर्चातून वजा होते, आणि ‘निव्वळ’ शून्य होते. नॉर्वेने आपल्या योहान स्वेरड्रुप क्षेत्राला सुरुवातीपासूनच किनाऱ्यावरून केबलने वीज दिली. तिथे विजेसाठी वायूवरच्या टर्बाइनची गरजच ठेवली नाही. खर्चिक काम, पण उत्सर्जन जिथे होते तिथेच थांबवणारे. ओएनजीसीच्या वाटचालीतले जे यश मी वर सांगितले ते याच जातीचे होते: कॉम्प्रेसर समुद्रात बसला आणि ज्वाळा समुद्रातच लहान झाली. म्हणून मला विकत घेतलेल्या सौर मेगावॅटपेक्षा प्लॅटफॉर्मवर काय बदलले याचा आकडा जास्त पटतो.

आणि मग थळच्या युरियाचा फेरा पुन्हा येतो. २०३८ च्या वचनात ‘स्कोप-१’ आणि ‘स्कोप-२’ आहे, म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेले इंधन आणि विकत घेतलेली वीज. कंपनीने विकलेले तेल आणि वायू ग्राहकाने जाळल्यावर जे होते ते ‘स्कोप-३’, ते या वचनात नाही. ओएनजीसी देशात वर्षाला साधारण १.८ कोटी टन तेल आणि २० अब्ज घनमीटर वायू काढते. ढोबळ हिशेब केला तर ते जळल्यावर साडेनऊ कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे वचन आहे दहा-अकरा भागांतल्या एका भागाचे. उरणच्या कुंपणाच्या आत शून्य, आणि त्याच उरणच्या वीजकेंद्राच्या, थळच्या, तुर्भ्याच्या हिशेबात बाकी सगळे.

कंपनीचे उत्तर ठरलेले आहे आणि ते पोकळ नाही. देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. मुंबई हायने तेल काढणे थांबवले तर ते आखातातून येईल, धूर तितकाच होईल आणि डॉलर जास्त जातील. वायू तर कोळशापेक्षा बरा. १९९१ ज्यांनी पाहिले त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. पण मग ‘शून्य’ या शब्दाची सजावट कमी करावी, एवढे म्हणता येते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सावरण्यासाठी ब्रिटनच्या बीपीला तांत्रिक सेवा पुरवठादार नेमण्यात आले. दहा वर्षांच्या काळात मूळ अंदाजापेक्षा तेल ४४ टक्के आणि वायू ८९ टक्के अधिक मिळेल असे अपेक्षित आहे. म्हातारे होत चाललेले क्षेत्र पिळायला जास्त दाब, जास्त पाणी, जास्त कॉम्प्रेसर लागतात, म्हणजे निघालेल्या प्रत्येक पिंपामागे स्वतःचे उत्सर्जन वाढण्याकडेच कल असतो. २०३० च्या शून्य ज्वलनाच्या वचनाची खरी परीक्षा इथे आहे. वायू वाढला आणि कॉम्प्रेसर वेळेवर बसले नाहीत, की १९८० च्या दशकाची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागत नाही.

रायगडकराला या सगळ्यात काय मागता येईल? मोठे काही नाही. धोकादायक उद्योगांनी आपल्या प्रदूषणाची माहिती फाटकाबाहेर फलकावर लावावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००३ पासून आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालात ज्वलनाचा आकडा सगळ्या देशाचा मिळून एकत्र येतो; त्यात उरणचा किती, मुंबई हाय नॉर्थचा किती, हे नागावच्या ग्रामपंचायतीला कळत नाही. उरणच्या फाटकावरच्या फलकावर काल किती वायू जळाला एवढी एक ओळ वाढवायची आहे. क्योटोच्या प्रकल्पासाठी हा वायू मोजावाच लागत होता, परदेशी लेखापरीक्षकांना दाखवावा लागत होता. युरोपातल्या खरेदीदाराला जो आकडा मिळत होता, तो पीरवाडीच्या माणसाला मिळायला हरकत नसावी.